भोंवतालचे नाद आणि नवें संगीत

संगीत म्हणजे काय, असें कोणी विचारिलें तर आपण सहज उत्तर देतों कीं, गाणें आणि वाजविणें. परंतु पाणी उंचावरून हौदांत पडतांना जो नाद होतो, मागाचा धोटा एका कडेहून दुसऱ्या कडेस धांवतांना जो खटका उठतो, किंवा आगगाडी रुळांच्या सांध्यांवरून जातांना जो ठेका धरते, त्यास संगीत म्हणावें कीं नुसता आवाज म्हणावा, ह्या प्रश्नाचें उत्तर तितकें सोपें नाहीं. गेल्या सुमारें ऐशीं वर्षांत जगांतील पुष्कळ संगीतकारांनीं ह्या प्रश्नाचा पिच्छा पुरविला, आणि त्यांतून संगीताची एक नवी शाखा उदयास आली. तिची ओळख आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, आणि आपल्या शहरांत राहणाऱ्या मुलामुलींस तिच्यांत कांहीं करतां येईल काय ह्याचा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

ह्या शाखेची रीत थोडक्यांत अशी. रचनाकार प्रथम घराबाहेर पडतो आणि जेथें ध्वनि उत्पन्न होतो तेथें जाऊन तो मुद्रित करून आणतो. मग विद्युत्-यंत्रांच्या साहाय्यानें तो ते ध्वनि कापतो, जोडतो, त्यांची पट्टी चढवितो किंवा उतरवितो, आणि त्यांची एक माळ ओंवतो. शेवटीं त्या माळेच्या सोबतीस बांसरी, तबला, पेटी असें एखादें वाद्य प्रत्यक्ष वाजविणारा वादक बसवितो. ह्या सर्व प्रकारास आतां सर्वत्र इलेक्ट्रॉनिक संगीत असें म्हणतात. तयार नादांवांचून केवळ यंत्रांतून उत्पन्न केलेले सूरही ह्या नांवाखालीं येतात. परंतु आम्ही येथें मुख्यतः भोंवतालच्या नादांपासून होणाऱ्या रचनेविषयीं लिहीत आहों.

ही विद्या परकी आणि कालपरवांची वाटेल. परंतु तिच्या मुळाशीं जो विचार आहे त्याचें आपल्या भूमीशीं नातें फार जुनें आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथून सुमारें पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. त्यासच पुढें दौलताबाद हें नांव पडलें. येथें तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत यादव राजा सिंघण ह्याच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा अधिकारी होता. त्याचे आजोबा काश्मीरांतून दक्षिणेंत येऊन राहिले होते. राज्याचा हिशेब पाहणें हें शार्ङ्गदेवाचें काम; परंतु त्याचें नांव अमर झालें तें हिशेबामुळें नव्हे, तर 'संगीतरत्नाकर' ह्या सात अध्यायांच्या संस्कृत ग्रंथामुळें. स्वर, राग, ताल, वाद्यें, नृत्य ह्या सर्वांचा त्यांत विचार आहे, आणि उत्तरेकडील व दक्षिणेकडील अशा दोन्ही संगीतपरंपरांचे अभ्यासक आजही त्यास प्रमाण मानितात.

ह्या ग्रंथांतील दोन गोष्टी आमच्या विषयाशीं लागू आहेत. पहिली अशी कीं, शार्ङ्गदेव स्वरांच्या आधीं नादाचें विवेचन करितो, आणि पुढें सात स्वरांचे सात धनी सांगतो : मोर षड्जाचा, चातक ऋषभाचा, बोकड गांधाराचा, क्रौंच मध्यमाचा, कोकिळ पंचमाचा, बेडूक धैवताचा व हत्ती निषादाचा. आजच्या यंत्रानें मोजूं गेल्यास मोराची केका प्रत्येक वेळीं एकाच स्वराची भरणार नाहीं, हें उघड आहे. तथापि ज्या पंडितानें बेडकालाही सप्तकांत जागा दिली, त्याचा कान दरबाराच्या भिंतींबाहेर जात होता ह्यांत संशय नाहीं. दुसरी गोष्ट श्रुतींची. एका सप्तकांत बावीस श्रुति आहेत हें पटविण्यासाठीं तो बावीस बावीस तारांच्या दोन वीणा घ्यावयास सांगतो. एक तशीच ठेवावयाची, दुसरीच्या तारा पायरीपायरीनें उतरवावयाच्या, आणि दोहोंतील अंतर कानानें पारखावयाचें. म्हणजे आधीं ऐकणें, मग नियम. नव्या संगीताचाही हाच क्रम आहे.

मात्र शार्ङ्गदेवास जी सोय नव्हती ती आपणांस आहे. त्याच्या काळीं ध्वनि उठला कीं विरला. चित्र भिंतीवर राहतें, अक्षर ताडपत्रावर राहतें. नाद कोठेंच राहत नसे. इ. स. १८७७ मध्यें एडिसन ह्यानें फोनोग्राफ सिद्ध केला आणि माणसाचा आवाज प्रथमच त्याच्या मुखावांचून पुन्हां ऐकूं आला. त्यामागील तत्त्व कठीण नाहीं. ध्वनि म्हणजे हवेचें कंपन. तें कंपन एका पातळ पडद्यास हालवितें आणि पडद्याची हालचाल कोठें तरी लिहून ठेवितां येते. पूर्वीं ती मेणावर किंवा तबकडीवर चरे पाडून लिहीत, पुढें चुंबकीय तारेवर व फितीवर लिहूं लागले, आणि आतां संगणक ती आंकड्यांत लिहितो. संगीताच्या सी. डी. वर एका सेकंदांतील कंपनाचीं ४४,१०० मापें नोंदलेलीं असतात. ध्वनि एकदां लिहिला गेला म्हणजे लिहिलेल्या वाक्याप्रमाणें त्याचे तुकडे करतां येतात, जागा बदलतां येते, खोडतां येतो व पुन्हां वापरतां येतो. नव्या रचनेचें बीज तें हेंच.

हें बीज प्रथम युरोपांत नव्हे, तर आफ्रिकेंत रुजलें असें म्हणण्यास आधार आहे. इ. स. १९४४ मध्यें कैरो शहरांत हलीम अल्-दभ नांवाच्या तरुणानें स्त्रियांच्या 'झार' नांवाच्या विधींतील गायन तारेवर मुद्रित करणाऱ्या यंत्रानें टिपलें, आणि नंतर नभोवाणीच्या खोलींत त्यावर संस्कार करून त्यांतून मूळ शब्द जवळजवळ नाहींसे होऊन केवळ नादाचे तरंग उरतील अशी रचना सिद्ध केली. चार वर्षांनीं पॅरिस येथें पिएर शेफेर ह्या नभोवाणीच्या अभियंत्यानें बातिन्योल स्थानकावर जाऊन इंजिनांच्या शिट्ट्या, वाफेचे फूत्कार व डब्यांचे खडखडाट तबकड्यांवर उतरविले आणि त्यांची रचना केली. ता. ५ ऑक्टोबर १९४८ रोजीं ती व तिच्या बरोबरीच्या आणखी कांहीं रचना फ्रान्सच्या नभोवाणीवरून प्रक्षेपित झाल्या. ह्या प्रकारास त्यानें 'म्युझिक काँक्रेत', म्हणजे प्रत्यक्ष ध्वनींचें संगीत, असें नांव दिलें.

शेफेरचा एक प्रयोग विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्यानें घंटेचा नाद मुद्रित केला. पण टोला पडण्याचा पहिला क्षण वगळून त्यामागून येणारा गुंजारव तेवढा ठेविला. ऐकणारास ती घंटा आहे हें ओळखूंच येईना. कोणतें तरी सुषिर वाद्य मंद फुंकिलें जात आहे असें वाटे. ह्यावरून असें दिसतें कीं, आपण एखादा आवाज ओळखतों तो मुख्यतः त्याच्या आरंभावरून. आपल्या शाळेच्या घंटेवर हा प्रयोग आज कोणासही पांच मिनिटांत करून पाहतां येईल.

रचनाकाराच्या हातांतील हत्यारें तशीं चारच आहेत. पहिलें वेग. मुद्रित ध्वनि जुन्या फितीप्रमाणें दुप्पट वेगानें फिरविला तर तो निम्म्या वेळांत संपतो आणि एक सप्तक वर चढतो. निम्म्या वेगानें फिरविला तर लांबतो आणि एक सप्तक खालीं उतरतो. चिमणीचा चिवचिवाट चौपट संथ केला म्हणजे त्यांत आपल्या कानांस एरवीं न सांपडणाऱ्या मिंडी व खटके दिसूं लागतात. दुसरें हत्यार दिशा. ध्वनि उलटा वाजविला म्हणजे जो नाद टोल्यानें सुरू होऊन विरत होता तो कोठून तरी वाढत येऊन एकदम थांबतो. तिसरें आवर्तन. लहानसा तुकडा पुनःपुन्हां फिरविला म्हणजे अव्यवस्थित आवाजालाही ताल येतो. शेफेर ह्यासाठीं तबकडीचा चरा वर्तुळासारखा बंद करून घेत असे. चौथें गाळण. धान्य चाळणींतून काढावें तसा ध्वनि गाळतां येतो; त्यांतील खर्ज ठेवून टीप काढून टाकावी, किंवा मधला एक अरुंद पट्टा तेवढा राखावा.

ह्या हत्यारांनीं केलेली माळ कितीही सुंदर असली तरी ती प्रत्येक वेळीं तीच वाजते. म्हणून तिच्या शेजारीं जिवंत वादक बसविण्याची कल्पना लवकरच पुढें आली. इटलीच्या ब्रूनो मदेर्ना ह्यानें इ. स. १९५२ मध्यें बांसरी आणि मुद्रित फीत ह्यांची एकत्र रचना केली. एदगार व्हारेझ ह्याची 'देझेर' ही रचना इ. स. १९५४ च्या डिसेंबरांत पॅरिस येथें प्रथम झाली. तींत फुंकीचीं वाद्यें, पियानो व तालवाद्यें थांबलीं म्हणजे मधून मधून कारखान्यांतील ध्वनींपासून बनविलेली फीत बोलूं लागते. त्या रात्रीं श्रोत्यांनीं सभागृहांत मोठा गोंगाट केला. नव्या गोष्टीचें स्वागत बहुधा असेंच होतें.

भारतांत ह्या विद्येचें पहिलें केंद्र अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत निघालें. इ. स. १९६९ मध्यें अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर ह्यानें तेथें मूग सिंथेसायझर नांवाचें यंत्र मांडून दिलें. गीता साराभाई ह्या पखवाज शिकलेल्या विदुषींचा ह्या कार्यांत पुढाकार होता, त्यांनींच इ. स. १९४६ मध्यें न्यूयॉर्क येथें जॉन केज ह्या प्रसिद्ध रचनाकारास भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. त्यांच्यासह आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा ह्यांनीं तेथें रचना केल्या. एका रचनेच्या नांवांतच तानपुरा आहे. इ. स. १९७२ नंतर हें काम थांबलें, आणि त्या फिती संस्थेच्या संग्रहांत दीर्घकाळ पडून राहिल्या. पॉल पुर्गास ह्या ब्रिटिश कलावंतानें त्या शोधून काढल्या, आणि इ. स. २०२३ मध्यें त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. ज्या वस्तूस कोणी ऐकत नाहीं ती असून नसल्यासारखी होते, ह्याचें हें उदाहरण आहे.

महाराष्ट्रांतील उदाहरण ह्याहून मोठें आहे, आणि तें आमच्या मराठवाड्यास स्पर्श करितें. पुणें येथील हेमा राईरकर व गी पॉइटव्हॅ ह्या दोघां अभ्यासकांनीं अनेक वर्षें खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारांहून अधिक गांवें आणि एक लाखाहून अधिक ओव्या असा तो संग्रह आहे. प्रथम ओव्या कागदावर उतरविल्या गेल्या. पुढें १९९० नंतरच्या दशकांत बेर्नार बेल ह्यांनीं त्या कामांत पडून बायांचे आवाज प्रत्यक्ष मुद्रित केले. हे बेल संगणकशास्त्रज्ञ असून संगीताचेही अभ्यासक. त्यांनीं त्यापूर्वींच जेम्स किपेन ह्यांच्यासह लखनौ घराण्याच्या तबल्याचे कायदे व त्यांचे पलटे संगणकास समजावून देणारा 'बोल प्रोसेसर' नांवाचा कार्यक्रम तयार केला होता, आणि पुढें तो इलेक्ट्रॉनिक रचनेसही उपयोगीं पडला. म्हणजे यंत्रास तबल्याचे बोल शिकविणारा मनुष्य आणि जात्यापाशीं मायक्रोफोन घेऊन बसणारा मनुष्य एकच होता. त्या संग्रहांत परभणी जिल्ह्यांतील ताडकळस येथील गंगूबाई अंबोरे ह्यांचा आवाज आहे. बीड जिल्ह्यांतील माजलगांवच्या स्त्रियांनीं डॉ. आंबेडकरांवर गाइलेल्या ओव्या आहेत. इ. स. २०१७ पासून 'परी' ह्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या सर्वांस ऐकतां येतात.

ह्या ओव्यांचें जें झालें त्यांतच आमच्या विषयाचें मर्म आहे. पिठाच्या गिरण्या गांवोगांव झाल्या, जातें माळ्यावर गेलें, आणि पहांटेच्या दळणाबरोबर दळणाचें गाणेंही गेलें. गिरणीनें बायांचे कष्ट वांचविले. त्याबद्दल कोणीही वाईट वाटून घेऊं नये. परंतु जात्याची घरघर व तिच्यावर तोललेला गळा हे दोन्ही नाद पुढील पिढीस ऐकूं आले असते ते केवळ कोणी तरी वेळीं टिपले म्हणूनच. आपल्या शहरांतही असे नाद एकामागून एक जात आहेत. इ. स. १९०० मध्यें मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला तेव्हांपासून वाफेच्या इंजिनांचा जो आवाज आमच्या आजोबांच्या पिढीनें ऐकला, तो आतां ह्या मार्गावर नाहीं. हिमरूचे हातमाग एके काळीं येथें गल्लोगल्लीं चालत; आज ते बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. पाणचक्कीच्या हौदांत अठराव्या शतकापासून भूमिगत नळांनीं आणलेलें पाणी पडतें, आणि त्याच्याच जोरावर जातें फिरून दर्ग्यांतील यात्रेकरूंसाठीं पीठ दळलें जाई. परंतु टंचाईच्या दिवसांत ती धारही क्षीण होते. इमारतींचीं छायाचित्रें आपण काढून ठेवितों. त्या इमारतींचा नाद कोण ठेवणार?

आतां, ह्या नादांपासून रचना कशी होईल हें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. समजा, पांच मिनिटांची रचना करावयाची आहे आणि आपणांपाशीं एक बांसरीवादक व एक तबलजी आहे.

पहिला भाग पाण्याचा. पाणचक्कीच्या पाण्याचा घोष नीट ऐकला तर त्यांत कोणताही एक सूर नसतो. खर्जापासून टीपेपर्यंत सर्व कंपनें एकत्र मिसळलेलीं असतात. हा घोष गाळणीतून काढून बांसरीच्या षड्जाभोंवतालचा अरुंद पट्टा तेवढा ठेवावा. षड्ज काळी एकचा असेल तर तो सेकंदास सुमारें २७७ कंपनांचा. पाण्यांतून हळूहळू एक अस्पष्ट सा वर येऊं लागेल. तोच आपला तानपुरा. बांसरीवाल्यानें त्यावर आलाप घ्यावा, आणि पाणी पुन्हां मोकळें होऊन घोष करूं लागेल तेव्हां गप्प बसावें.

दुसरा भाग मागाचा. हिमरूच्या मागावर पावडी दाबल्याचा, धोटा गेल्याचा व फणी ठोकल्याचा असे तीन आवाज क्रमानें येतात. समजा, फणीचा ठोका मिनिटास ऐशीं वेळां पडतो. म्हणजे दोन ठोक्यांत पाऊण सेकंद, आणि सोळा मात्रांच्या त्रितालाचें आवर्तन बारा सेकंदांचें. गणित सोपें आहे. परंतु येथें एक अडचण येते. विणकर हा घड्याळ नव्हे. मध्येंच सूत तुटतें, तो थांबतो, गांठ देतो, पुन्हां सुरू करितो. संगणकानें हे सर्व ठोके समान अंतरावर आणून बसवितां येतात, आणि पुष्कळ लोक तसेंच करितात. आमचें मत निराळें आहे. ती गांठ देण्याची विश्रांति तशीच राहूं द्यावी, आणि तबलजीनें तेथें हात उचलून वाट पाहावी. विणकर पुन्हां सुरू झाला कीं त्यानें समेवर यावें. त्या दोन-तीन क्षणांच्या स्तब्धतेंत ऐकणाऱ्यास कळेल कीं, ह्या ठेक्यामागें एक माणूस बसलेला आहे.

तिसरा भाग लेण्याचा. वेरूळचें दहावें लेणें, ज्यास लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात, तें उंच कमानदार छताचें चैत्यगृह आहे. छतास दगडांत कोरलेल्या लांकडासारख्या फासळ्या आहेत. तेथें उच्चारिलेला शब्द लगेच संपत नाहीं, कांहीं काळ रेंगाळतो. अशा ठिकाणीं एकच स्वच्छ टाळी वाजवून ती मुद्रित करितात. टाळी क्षणाची, परंतु तिच्यामागून भिंती, खांब व छत ह्यांवरून परतलेल्या असंख्य लहरींची एक शेंपटी येते. ती शेंपटी म्हणजे त्या लेण्याची सहीच होय. संगणक गणितानें ती सही दुसऱ्या आवाजावर उमटवूं शकतो, आणि मग शाळेच्या वर्गांत वाजविलेली बांसरी वेरूळच्या लेण्यांत वाजल्यासारखी ऐकूं येते. मात्र तेथील राखणदारांची अनुज्ञा घ्यावी, इतर प्रेक्षकांस उपद्रव देऊं नये, आणि एका टाळीवर काम भागवावें, हें सांगणें नलगे.

प्रयोगाच्या वेळीं हे तीन भाग सलग सोडून देऊं नयेत. एक जण संगणकापाशीं बसून वादकाकडे पाहील आणि त्याचा आलाप पुरा झाला म्हणजे कळ दाबून पुढील भाग सुरू करील, अशी योजना ठेवावी. नाहीं तर वादक मुद्रणाच्या मागें धांवत सुटतो आणि गाणें शर्यतीसारखें होतें. ह्याचें कारण असें कीं, यंत्र नाद धरून ठेवतें, परंतु ऐकत नाहीं. दोन वादक बसले तर दोघेही एकमेकांचें ऐकून थोडें थोडें सरकतात. वादक आणि यंत्र बसलें तर ऐकण्याचा सर्व भार एकट्या वादकावर पडतो. म्हणून ज्याचा कान कच्चा आहे त्यास हें संगीत सोपें नसून अधिक कठीण आहे.

येथें पालकांच्या मनांत येणाऱ्या एका शंकेचें उत्तर दिलें पाहिजे. यंत्र हातीं आलें म्हणजे मुलें रियाज सोडून नुसत्या कळा दाबीत बसतील, अशी भीति त्यांस वाटते, आणि ती निराधार नाहीं. तयार ठेके व तयार सूर पुरविणारीं साधनें आज प्रत्येक मोबाइलमध्यें आहेत, आणि त्यांपासून श्रमांवांचून गोड असें कांहीं तरी निघतें. परंतु आम्ही ज्या रीतीचें वर्णन केलें ती ह्याच्या उलट आहे. तींत कोणी आपणांस नाद आयता देत नाहीं. तो उन्हांत हिंडून शोधावा लागतो, दहा वेळां मुद्रित करावा लागतो, वाऱ्याचा व वाहनांचा घोळ चुकवावा लागतो, आणि षड्ज कोणता तें कानानें ठरवावें लागतें. ज्या मुलानें पेटीवर सा लावून दोन वर्षें गळा घोटला आहे त्यालाच पाण्यांतील सा सांपडेल. ही विद्या रियाजाची जागा घेत नाहीं. ती रियाजाची परीक्षा घेते.

दुसरी गोष्ट आम्हांस ह्याहून महत्त्वाची वाटते. पाण्याचा, मागाचा, पक्ष्याचा नाद घेतांना कोणाचें कांहीं जात नाहीं. परंतु माणसाचा आवाज हा त्याच्या चेहऱ्याप्रमाणें त्याचा स्वतःचा असतो. म्हातारीची ओवी, कीर्तनकाराचें पद, फेरीवाल्याची हांक अथवा प्रार्थनेची वेळ मुद्रित करावयाची तर आधीं विचारावें, कशासाठीं हवें तें सांगावें, आणि नाहीं म्हटलें तर मुकाट्यानें परतावें. होकार मिळाला तर गाणाऱ्याचें नांव, गांव व तारीख लिहून ठेवावी, झालेली रचना प्रथम त्यासच ऐकवावी, आणि नांव देण्यास त्याची संमति असेल तर तें रचनेबरोबर सांगावें. ओवी उलटी फिरविली तर नाद कदाचित् अधिक विलक्षण होईल, पण आईनें लेकीस सांगितलेला अर्थ त्यांत राहणार नाहीं. ज्याचे शब्द मोडावयाचे त्याची त्यास संमति आहे काय, हें विचारल्यावांचून कात्री लावूं नये. जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आज मोलाचा वाटतो तो केवळ ओव्यांमुळें नव्हे. प्रत्येक ओवी कोणत्या गांवच्या कोणत्या बाईची हें त्यांत नोंदलें आहे, म्हणूनही वाटतो.

आरंभ करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं महागड्या यंत्रांची वाट पाहूं नये. पहिला आठवडा कांहींच मुद्रित न करितां एक वही करावी, आणि रोज एका जागीं दहा मिनिटें बसून जे नाद ऐकूं येतील ते क्रमानें लिहावे : कोणता जवळचा, कोणता दूरचा, कोणता सतत, कोणता थांबून थांबून. दुसऱ्या आठवड्यांत घरच्या मोबाइलवर रोज एकच नाद टिपावा, एक मिनिटाहून अधिक नाहीं, आणि त्यास स्थळ, वेळ व तारीख द्यावी. मोबाइल हातांत धरून हालवूं नये, आणि वारा असेल तर त्यावर पातळ रुमाल गुंडाळावा. नंतर शाळेच्या संगणकावर 'ऑडॅसिटी' नांवाचा कार्यक्रम, जो विनामूल्य मिळतो, उघडून वर सांगितलेलीं चार हत्यारें एकेक करून वापरून पाहावीं. सर्व एकदम वापरूं नयेत. मसाला अधिक झाला म्हणजे भाजीची चव जाते. शेवटीं वर्गांतील एखाद्या वाजविणाऱ्या मित्रास बोलवावें आणि त्यास आधीं तें मुद्रण तीन वेळां नुसतें ऐकवावें, मगच वाद्य हातीं घेऊं द्यावें.

रचना साधली तर उत्तमच. न साधली तरी त्या वहींत आणि त्या लहान लहान मुद्रणांत आपल्या शहराची एक वर्षाची नादवही तयार होईल, आणि तिचें मोल दरवर्षीं वाढत जाईल. शार्ङ्गदेवानें देवगिरीवर बसून बेडकाची हांक सप्तकांत नोंदली. पण त्या काळच्या देवगिरीच्या बाजाराचा, वेशीवरच्या नगाऱ्याचा, त्याच्या स्वतःच्या वीणेचा एक क्षणही आपणांस आतां ऐकूं येत नाहीं. तो त्याचा दोष नव्हे. त्यास साधन नव्हतें. आपणांस साधन आहे, आणि तें बहुतेक प्रत्येकाच्या घरीं आहे. तें हातीं घेण्यापूर्वीं कान उघडे ठेवण्याची संवय मात्र आपली आपणच लावून घेतली पाहिजे. तीं साधनें विकणाऱ्या कोणत्याही दुकानांत ती मिळत नाहीं.